अठरा कुळांची नक्कल

कॉम्प्युटरच्या कामात तीस वर्षं काढलेल्या बाईला लोक एकच गोष्ट विचारतात: ‘माझा मोबाइल सारखा अडकतो, जरा बघता का?’ मी बघते. दहापैकी नऊ वेळा तो बंद करून पुन्हा चालू करते आणि माझ्या विद्वत्तेचा डंका वाजतो. तुमच्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक कोणती, असं मात्र अजून कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं की मी एका वृद्ध, सज्जन गुरुजींच्या घरची वंशावळीची वही गंगेत बुडवायला लावली. अगदी तिथी बघून, हळदकुंकू वाहून.

मी मूळची काशीचीच. बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत जन्मले, आणि नवरा रेल्वेत असूनही बदलीवर कुठे गेले नाही, कारण त्याची बदली झालीच नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. माझ्या सासूबाईंच्या मते माझी मराठी उंबऱ्यातच अडखळून पडलेली. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी दुर्गाघाटाजवळ एका खोलीत माझा कॉम्प्युटर क्लास होता. दोन कॉम्प्युटर होते. एक चालायचा आणि दुसरा त्याला सुटे भाग पुरवायचा. सकाळी विद्यार्थी, दुपारी लग्नपत्रिका, कुंडल्या, लॉजवाल्यांची इंग्रजी पत्रं. इंटरनेट होतं, पण टेलिफोनची तार गच्चीवरून यायची आणि गच्ची माकडांची होती, त्यामुळे जगाशी आमचा संपर्क त्यांच्या मर्जीवर चाले.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. चौकातले एक साडीवाले लालाजी होते. त्यांच्या साड्यांच्या नक्षीची सगळी यादी मी त्यांच्या मशीनवर घालून दिली होती. बेंगळुरूच्या व्यापाऱ्याला दाखवायला त्यांनी ती फ्लॉपीवर उतरवून घेतली, स्वतःच, मला न विचारता. रेशमी रुमालात गुंडाळून, डब्यात घालून ती फ्लॉपी दोन दिवस आगगाडीतून गेली. तिथे उघडली तर आत काहीच नाही. परत आले ते थेट माझ्या दारात. ‘बहनजी, ई त धोखा हो गइल! फोटो आया, माल नहीं आया!’

झालं होतं असं की पडद्यावर जे छोटं चित्र दिसतं, ते म्हणजे यादी नव्हे. यादी अमुक ठिकाणी आहे, असा तो नुसता बाण असतो. लालाजींनी बाण उचलून नेला होता, यादी बनारसलाच राहिली होती. मी त्यांच्यासमोर तोंड दाबून हसले आणि ते गेल्यावर तोंड न दाबता हसले. पुढे महिनाभर प्रत्येक तुकडीला हा किस्सा ऐकवून मी मुलांना हसवत होते. देव बघत असतो म्हणतात. या प्रकरणात तो फारच लक्ष देऊन बघत असावा.

त्याच सुमारास नाना माझ्याकडे आले. नानागुरुजी आमच्या मोहल्ल्यातले तीर्थोपाध्ये, सत्तरी ओलांडलेले. मी परकरात असल्यापासून मला ओळखणारे. महाराष्ट्रातून यात्रेकरू येतात, त्यांचं श्राद्ध-पिंडदान करायचं, राहायची सोय बघायची आणि निघताना वहीत नोंद करून घ्यायची, हे त्यांच्या घरचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. वहीत घराण्यानुसार पानं असतात. कोण आलं, कोणाचा मुलगा, बरोबर कोण, कशासाठी आलं, हे यजमान स्वतः लिहितो किंवा सांगून लिहवून घेतो. पुढे त्याचा नातू येतो तेव्हा गुरुजी ते पान काढून त्याच्यापुढे ठेवतात. भलेभले हट्टेकट्टे पुरुष त्या पानापुढे लहान होऊन बसलेले मी पाहिले आहेत.

नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि त्यांचा मुलगा नागपूरला बँकेत होता. तो परत येणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. घरातली सर्वांत जुनी वही कसरीने खाल्लेली. कृष्णाकाठच्या अठरा कुळांची लहानशी वही, पण पान उलटताना हाताला भुगा लागायचा. अशी वही झाली की तिची नक्कल करायची आणि जुनी गंगेला द्यायची, हा त्यांच्या घरचा रिवाज. एका कुळाच्या दोन वह्या झाल्या की पुढे भाऊबंदांत यजमानांवरून भांडणं लागतात, म्हणून जुनी ठेवायची नाही.

‘कुमुद, माझ्याच्यानं आता लिहवत नाही गं,’ नाना म्हणाले. ‘तुझ्या मशीनमध्ये होईल का बंदोबस्त?’

आता इथे शहाण्या बाईने काय केलं असतं? मला त्या काळी याद्या साठवायची एक जुनी, भरवशाची पद्धत येत होती. साडीवाल्यांची कामं मी त्यातच करत असे. पण मी नुकतीच एका जाडजूड पुस्तकावरून जावास्क्रिप्ट ही इंटरनेटच्या पानांची भाषा शिकले होते आणि नव्याचे नऊ दिवस चालू होते. उद्या पुण्या-मुंबईचे यजमान घरबसल्या आपलं पान बघतील, अशी स्वप्नं मला भरदुपारी पडायची. तेव्हा ठरवलं की नानांची वही इंटरनेटच्या पानासारखी करायची आणि माहिती ब्राउझरच्या आतच ठेवायची.

ब्राउझर म्हणजे इंटरनेटची पानं दाखवणारा प्रोग्रॅम. त्याच्या आत प्रत्येक पानाला चिठ्ठ्या ठेवायला एक कोनाडा असतो. चिठ्ठी लहान, आणि एका पानाला तेव्हा वीसच चिठ्ठ्या मिळत. त्या चिठ्ठीला इंग्रजीत कुकी म्हणतात, असं मी नानांना सांगितलं आणि कुकी म्हणजे बिस्किट हेही सांगून बसले.

‘बिस्किटात वंशावळ?’ नाना म्हणाले. ‘चहात विरघळली म्हणजे?’

‘नाना, नाव आहे नुसतं. वीस जागा आहेत आणि आपली कुळं अठरा. योग बघा कसा जुळून आला!’

अशा कामाला योग बघणारी मी काशीतली एकटीच नसेन, पण जावास्क्रिप्टमध्ये बहुधा एकटीच होते.

दोन आठवडे नाना रोज दुपारी वही कापडात बांधून आणायचे. त्यांना अक्षर नीट दिसत नसे, पण सगळं जीवन त्या वहीत गेलेलं. नाकाला पान लावून, बोट फिरवत वाचायचे. मी टाइप करायची. रोज एक कूळ, कधी दोन. एक कूळ संपलं की चिठ्ठी ठेवायची, मशीन बंद. लाइट गेली तर नाना विड्याचं पान लावत बसायचे आणि मी पंख्याकडे बघत. वाचताना ते मधेच थांबून सांगायचे, ‘हे मोठे तापट हां,’ किंवा ‘यांनी घाटावर चप्पल हरवली म्हणून पिंडदान अर्धं टाकलं होतं.’ मी ‘हो का’ म्हणायची आणि पुढची ओळ मागायची. टाइप करताना मजकुराच्या अर्थाकडे लक्ष देऊ नये, वेग कमी होतो, असं मी विद्यार्थ्यांना शिकवत असे. माझा वेग उत्तम होता.

शेवटचं कूळ झालं तेव्हा नानांनी वही मिटली आणि म्हणाले, ‘आता तू वाच, मी ऐकतो.’

‘काय वाचू?’

‘नवी वही. पहिल्यापासून शेवटपर्यंत. नवी पूर्ण वाचून झाल्याशिवाय जुनी द्यायची नाही. माझ्या बापानं आठ दिवस वाचली होती, आजोबांना ऐकवली होती.’

मला आठ दिवस नव्हते. दोन लग्नांच्या पत्रिका डोक्यावर होत्या. शिवाय माझ्या मशीनवर अविश्वास म्हणजे काय! मी म्हटलं, ‘नाना, माणूस नक्कल करतो तेव्हा चुकतो. मशीन जसंच्या तसं उतरवतं. हवं तर ताडून दाखवते.’

आणि दाखवलं. आधी यादी उघडली: अठरा आडनावं, अठरा गावं, अठरा गोत्रं, सगळी जागच्या जागी. मग नुकतंच भरलेलं शेवटचं कूळ घेतलं. पडद्याच्या डावीकडे मी टाइप केलेलं मूळ, उजवीकडे मशीनने उतरवलेली त्याची नक्कल. ओळ न्‌ ओळ जुळली. एका ठिकाणी नाव चुकलं होतं ते मी नकलेत सुधारलं, तर डावीकडच्या मुळातही आपोआप सुधारलं. मला केवढं कौतुक वाटलं! म्हटलं, ‘बघा नाना, इकडे दुरुस्ती केली की तिकडेही होते. किती हुशार आहे!’

नानांनी मांडीवरच्या वहीवर हात ठेवला. मग म्हणाले, ‘मी नकलेत खाडाखोड केली तर मुळात कशी होईल? आमच्याकडे असं होत नाही बुवा. मग ती नक्कल कसली?’

कॉम्प्युटरला कधी हात न लावलेल्या, डोळ्यांना धड दिसत नसलेल्या माणसाने माझी चूक एका वाक्यात सांगितली होती. मी हसून म्हटलं, ‘ते नाही कळायचं तुम्हाला.’

ते वाक्य आठवलं की अजूनही कानशिलं तापतात.

खरा प्रकार असा होता. उजवीकडे नक्कल नव्हतीच. एका खोलीच्या दोन किल्ल्या करून मी दोन खोल्या झाल्या असं समजत होते. कोणत्याही किल्लीने उघडा, आत तेच सामान. मग ताडून पाहिलं तर जुळणार नाही तर काय? आणि चिठ्ठीतली गोष्ट याहून वाईट. चिठ्ठीवर फक्त साधी अक्षरं लिहिता येतात. आडनाव, गाव, गोत्र ही साधी अक्षरं होती, ती उतरली. माणसं मात्र मी पेटीत पेटी अशी रचली होती: प्रत्येकाची एक पेटी, तिच्यात नाव, बापाचं नाव, केव्हा आला, काय लिहिलं. चिठ्ठी लिहिताना अशी प्रत्येक पेटी उघडून आतलं एकेक अक्षर बाहेर काढून लिहायला मशीनला सांगावं लागतं. मी सांगितलं नव्हतं. मग त्याने बंद पेटीकडे बघून प्रामाणिकपणे लिहून टाकलं की इथे एक वस्तू आहे. पान उघडं असेपर्यंत पेट्या समोर दिसत. पान बंद केलं की पेट्या जात आणि ती चिठ्ठी तेवढी उरे.

छापून काढलं असतं तरी त्याच दिवशी कळलं असतं. पण माझा प्रिंटर दुरुस्तीला लखनौला गेला होता, आणि माहेरी गेलेल्या सुनेसारखा आज येतो, उद्या येतो करत होता. नानांना पुढची पौर्णिमा गाठायची होती. मी म्हटलं, खुशाल द्या.

पंचगंगा घाटावरून नाव केली. मीही गेले होते, मोठी कर्तबगार म्हणून. नानांनी वहीला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, वडिलांचं नाव घेतलं. मधल्या धारेत सोडली. भिजल्यावर ती लगेच बुडाली नाही, थोडा वेळ तरंगत होती. नाववाल्याने हात जोडले, मीही जोडले. परतताना नाना मला म्हणाले, ‘तू नसतीस तर मी ही चिंता बरोबर घेऊन गेलो असतो.’ मी मान खाली घातली, विनयाने.

प्रिंटर आला पंधरा दिवसांनी. भरदुपारी मी पहिलं कूळ छापायला दिलं. करकरत कागद बाहेर आला: आडनाव, गाव, गोत्र, आणि खाली ओळीनं इंग्रजीत ‘ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट, ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट’, म्हणजे वस्तू, वस्तू. चौदा माणसं होती त्या कुळात, चौदा वेळा. मला वाटलं प्रिंटर बिघडला. दुसरं कूळ दिलं, तिसरं दिलं. अठरावं छापून होईपर्यंत मी खुर्चीवरून उठले नव्हते. लालाजींचा डबा, रेशमी रुमाल, सगळं डोळ्यांपुढे आलं. ते निदान बेंगळुरूहून परत आले होते आणि त्यांचा माल घरी सुखरूप होता.

तो कागदांचा गठ्ठा घेऊन नानांच्या घरी गेले. नाना ओसरीवर बसले होते. सगळं सांगितलं. सांगताना रडले, आणि रडताना तांत्रिक कारणंही देत होते, हे विशेष. नानांनी कागद हातात घेऊन नाकाशी नेला, बोट फिरवलं. मग विचारलं, ‘म्हणजे तू वाचलंच नव्हतंस?’

‘नाही नाना.’

‘मीही ऐकलं नाही. रिवाज माझ्या घरचा होता, तुझ्या नव्हे.’ त्यांनी गठ्ठा बाजूला ठेवला. ‘जा, एक कोरी वही आण. चांगली, जाड पानांची.’

ओरडले असते तर फार बरं झालं असतं.

कोऱ्या वहीत अठरा आडनावं, गावं, गोत्रं मी हाताने उतरवली. नानांना जेवढं आठवलं तेवढं त्यांनी सांगितलं, ते लिहिलं. ते थोडंच होतं. आणि अठरा गावांना पोस्टकार्डं धाडली. त्या कार्डांचा मसुदा माझाच: ‘जुनी वही जीर्ण झाली असल्याने नवी करीत आहोत. आपल्या घराण्याची माहिती कळवावी.’ वाचा पुन्हा. एक अक्षर खोटं नाही आणि खरी गोष्ट कुठेच नाही. असली कला मला मशीनपेक्षा चांगली येत होती.

काही पत्रं आली. आणि मार्गशीर्षात यमुनाबाई जोगळेकर आल्या. पासष्टीच्या, बारीक चणीच्या, बरोबर भाचा. नवऱ्याच्या अस्थी घेऊन आल्या होत्या. विधी झाल्यावर नानांच्या ओसरीवर बसल्या तेव्हा मी तिथेच होते, पत्रांतली माहिती वहीत उतरवत.

‘वही जीर्ण झाली, असं कार्डात होतं,’ त्या म्हणाल्या. ‘म्हटलं, ती जायच्या आत एकदा बघून घ्यावी. म्हणून धडपडत आले.’

मी लेखणी खाली ठेवली.

‘आमचं पहिलं मूल गेलं, गुरुजी. अकरा महिन्यांचा होता. त्यानंतर हे कुणाला न सांगता एकटेच काशीला येऊन गेले. परत आल्यावर त्याचं नाव म्हणून कधी तोंडातून काढलं नाही. मी काढलं की उठून जायचे. चाळीस वर्षं असंच. मला एवढंच बघायचंय, इथं तरी त्यांनी त्याचं नाव लिहिलं होतं का.’

जोगळेकरांचं कूळ अकरावं. ती नोंद नानांनी मला वाचून दाखवली होती. माझ्या कानांतून आत गेली होती आणि बोटांतून बाहेर पडली होती. मी आठवण्याची शिकस्त केली. एक शब्द आठवेना. ती दुपार आठवत होती, लाइट दोनदा गेली होती हेही आठवत होतं, पण त्या माणसाने काय लिहिलं होतं ते नाही.

आणि खरं सांगते, जिभेच्या टोकावर आलं होतं. ‘हो काकू, लिहिलं होतं.’ कोण तपासणार होतं? त्यांना समाधान, नानांची अब्रू शाबूत, माझीही. मी तोंड उघडलं.

‘कुमुद,’ नाना म्हणाले, ‘ठाऊक आहे तेवढंच बोल.’

मी सांगितलं. वही गंगेत गेली आहे, माझ्या चुकीमुळे गेली आहे, आणि ती ओळ मी ऐकली होती पण मला आठवत नाही.

‘ऐकली होतीत?’

‘हो.’

‘आणि लक्षात नाही?’

‘नाही.’

त्यांनी नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, ‘माउली, मीच वाचली ती ओळ, पण इतकी पानं वाचली, एकात एक मिसळली. पिंडाला बसल्यावर एक तरुण गृहस्थ उन्मळून रडले होते, हे आठवतं. ते हेच असावेत, असं वाटतं. पण इथे खूप लोक रडतात. शपथेवर सांगता येणार नाही.’

यमुनाबाई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग हात पुढे करून म्हणाल्या, ‘नवी वही द्या.’

मी जोगळेकरांचं पान काढून दिलं. आडनाव, गाव, गोत्र, खाली कोरं. भाचा म्हणाला, ‘मामी, तुम्ही सांगा, मी लिहितो.’ त्यांनी त्याचा हात बाजूला केला. आधी नवऱ्याचं नाव लिहिलं. मग त्याखाली मुलाचं. वय लिहिलं, आणि पुढे एक ओळ. अक्षर सावकाश, शाळेतल्या मुलीसारखं, रेघेला धरून. लिहून झाल्यावर विचारलं, ‘बायकांनी लिहिलेलं चालतं का हो गुरुजी?’

‘लिहून झाल्यावर विचारताय?’ नाना म्हणाले, आणि त्या किंचित हसल्या.

वही त्यांनी माझ्या हातात दिली. मी ते पान वाचलं. पुन्हा वाचलं. त्या उठल्या, नानांच्या पाया पडल्या. मला ‘असू दे, होतं असं’ म्हणाल्या नाहीत, आणि म्हणायला नकोच होतं. दाराशी चप्पल घालता घालता वळून एवढंच म्हणाल्या, ‘हे तरी लक्षात ठेवा.’

ठेवलंय, काकू. नाव, महिने, आणि ती पुढची ओळ, सगळं.